‘दिसला नाही’ की ‘पाहिला नाही’?

वकिलीच्या व्यवसायात वीस वर्षे घालविल्यावर काही वाक्ये अशी पाठ होऊन जातात, की समोरच्याने तोंड उघडण्यापूर्वीच ती कानांत वाजू लागतात. मोटार अपघाताच्या प्रकरणांत असे एक वाक्य आम्ही किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही. मोटार चालविणारा गृहस्थ तेलुगू बोलणारा असो, उर्दू बोलणारा असो वा आपल्यापैकी असो, त्याचे पहिले वाक्य ठरलेले असते: ‘‘साहेब, तो मला दिसलाच नाही.’’ हे वाक्य आम्ही आजवर निमूटपणे टिपून घेत आलो. प्रसंगी त्याच्यावर बचावाची इमारतही उभारीत आलो. गेल्या नवरात्रात मात्र ते आमच्या घशात अडकले. त्याची हकीकत प्रथम सांगतो आणि मग जे म्हणावयाचे आहे त्याकडे वळतो.

येथे हैदराबादेत आमच्या ज्ञातिबांधवांच्या देवळात उत्सवाच्या दिवसांत सायंकाळच्या भजनाला पखवाजाची साथ करणारा एक तरुण आहे. वय सव्वीस. दिवसा तो एका कचेरीत हिशेबाचे काम करतो आणि दिवे लागणीला मोटारसायकलीवरून देवळात हजर होतो. अष्टमीच्या संध्याकाळी तो असाच येत होता. डोक्यावर हेल्मेट होते, गाडीचा दिवा लागलेला होता, वेग बेताचा होता. बरकतपुऱ्याकडून काचीगुड्याकडे येताना दुभाजकातील एका मोकळ्या जागेशी समोरून आलेली मोटार एकाएकी वळली आणि त्याच्यापुढे आडवी झाली. उजव्या मनगटाची दोन्ही हाडे आणि डाव्या मांडीचे हाड मोडले. प्राण वाचले, ते हेल्मेटमुळे.

मोटार चालविणारे गृहस्थ परके नव्हते. तेही त्याच देवळात, त्याच आरतीला निघाले होते. उशीर झाला म्हणून घरच्या मंडळींनी ‘कुठवर आलात?’ असे फोनवरून विचारले होते, आणि वळण घेताना त्यांचे लक्ष त्या उजळलेल्या चौकोनाकडे गेले होते. हे त्यांनी स्वतःच आम्हांस सांगितले. मात्र पोलिसांना दिलेल्या जबाबात ते आलेले नाही. तेथे एवढेच आहे: ‘‘दुचाकीस्वार मला दिसला नाही.’’

चार दिवसांनी देवस्थानच्या समितीतील वडीलधारी मंडळी आमच्या घरी आली. म्हणाली, ‘‘वकीलसाहेब, दोघेही आपलेच. देवीच्या उत्सवात घडलेली गोष्ट. तिला कोर्टकचेरीचे वळण नको. औषधपाण्याचा खर्च ते द्यायला तयार आहेत. तुम्ही फक्त तडजोडीचा मसुदा करा.’’ मसुद्याचे पहिले वाक्यही त्यांनी मनाशी जुळवून आणले होते. ‘दैवयोगाने घडलेल्या अपघातात’ अशी त्याची सुरुवात होती. त्या बैठकीत मुलाची आई कोपऱ्यात बसली होती. आतापर्यंत ती एक अक्षर बोलली नव्हती. ते वाक्य ऐकताच तिने मोटारवाल्या गृहस्थांकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, ‘‘इतलो व्हडलो चलो, तुमकां दिसलो ना?’’

त्या प्रश्नाला बैठकीत कोणापाशीही उत्तर नव्हते. आमच्यापाशीही नव्हते. हा लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

वाचकहो, आपल्या भाषेकडे एकवार लक्ष द्या. मराठीत ‘मी पाहतो’ या वाक्यात ‘मी’ हा कर्ता आहे. पाहणे ही त्याने करावयाची क्रिया आहे. ‘मला दिसते’ या वाक्यात मात्र ‘मी’ कर्ता राहिलेला नाही. दिसणारी वस्तू आपण होऊन येऊन आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते, आपण निमित्तमात्र. कोंकणीतही हाच भेद आहे. थंडी वाजते, भूक लागते, त्याप्रमाणे दिसते. म्हणून ‘तो मला दिसला नाही’ असे जो म्हणतो, तो नकळत दोष फिरवून त्या दुचाकीस्वाराच्याच माथी मारतो: दिसण्याचे काम त्याचे होते, ते त्याने नीट केले नाही! ‘मी पाहिले नाही’ असे म्हटले की वाक्याला कर्ता मिळतो, आणि कर्ता मिळाला की जबाबदारीलाही धनी मिळतो. आमचे म्हणणे थोडक्यात हेच आहे. मोटार चालविणाऱ्याच्या तोंडचे ‘दिसला नाही’ हे वाक्य बचाव नव्हे. तो अपराधाचा कबुलीजबाब होय, आणि समाजाने व न्यायासनाने तो तसाच वाचला पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, की लोक बेपर्वा चालकांवर थोडे का चिडतात? चिडतात खरे, पण कोणावर, ते पाहा. १ जुलै २०१६ रोजी याच शहरात पंजागुट्ट्याजवळ मद्यधुंद विद्यार्थ्यांची मोटार दुभाजक ओलांडून दुसऱ्या मोटारीवर आदळली आणि एका शाळकरी मुलीचा जीव गेला; सारे शहर हळहळले आणि संतापले. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगर येथे सतरा वर्षांच्या मुलाने भरधाव मोटारीखाली मोटारसायकलीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. त्याला जामिनाच्या अटीदाखल ३०० शब्दांचा निबंध लिहावयास सांगितले गेले, तेव्हा देशभर संतापाची लाट उसळली. हा संताप योग्यच होता. परंतु मद्यपी आणि उर्मट श्रीमंत यांच्यावर रागावणे सोपे असते, कारण तो दुसरा कोणी तरी असतो. आपण मद्य घेत नाही, आपली मोटार कोटीची नाही, म्हणून आपण सुटलो असे आपणांस वाटते. काचीगुड्याच्या त्या वळणावर मात्र ना मद्य होते, ना अतिवेग, ना श्रीमंतीचा माज. तेथे एक सत्शील, देवभक्त, कुटुंबवत्सल गृहस्थ होता, आणि त्याने रस्त्याकडे पाहिले नव्हते. हा गुन्हेगार आपल्या आरशात दिसतो. म्हणूनच आपण त्याला गुन्हेगार म्हणावयास धजत नाही.

आणि बळी कोण जातात? केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ७४,८९७, म्हणजे शेकडा ४४.५, दुचाकीवरील होती. त्याच अहवालात मृत्यूंच्या कारणांपुढे ‘अतिवेग’ या सदरात शेकडा ७१ हून अधिक मृत्यू मांडलेले आहेत. फोनच्या वापरापुढचा आकडा शेकडा दोनच्या आसपास घुटमळतो. ज्या देशात चौकात उभे राहून दहा चालक मोजले तर त्यांत फोन हाताळणारे एक-दोन तरी सापडतात, तेथील हा आकडा वस्तुस्थितीचा मानावा, की तपासाचा? वेग घसरणीच्या खुणांवरून, चेपलेल्या पत्र्यावरून कळतो. लक्ष कोठे होते याची खूण डांबरावर उमटत नाही. ती फोनच्या नोंदीत असते, आणि ती नोंद मागवावयाचे, आमच्या अनुभवात तरी, क्वचितच कोणाला सुचते.

‘दिसला नाही’ म्हणणारे सगळेच खोटे बोलतात काय? नाही, आणि येथेच विषयाचे मर्म आहे. अमेरिकेत हॅरी हर्ट या संशोधकाने लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांचा प्रत्यक्ष जागेवर जाऊन अभ्यास केला. त्याचा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी सुमारे दोन-तृतीयांश टकरींत दुचाकीस्वाराचा पुढे जाण्याचा हक्क दुसऱ्या वाहनाच्या चालकाने मोडला होता. सर्वांत जास्त आढळलेला प्रकार म्हणजे समोरून येणाऱ्या मोटारसायकलीच्या पुढ्यात मोटारीने आडवे वळणे. पुढे युरोपातील पाच देशांत ९२१ अपघातांचा असाच अभ्यास झाला. तेथेही निम्म्या अपघातांत मुख्य चूक दुसऱ्या वाहनाच्या चालकाची निघाली, आणि त्या चुकांत पाहण्यातील चूक सर्वांत मोठी ठरली.

याची कारणे शास्त्राने सांगितलेली आहेत. दर्शनी काचेच्या बाजूचा खांब दुचाकीएवढी वस्तू सहज झाकून टाकतो. सरळ आपल्या रोखाने येणारी अरुंद वस्तू डोळ्याला जवळजवळ स्थिर भासते. लहान वाहन मोठ्या वाहनापेक्षा दूर आहे, उशिरा पोहोचेल, असा मनाचा ग्रह होतो. आणि मन दुसऱ्या कामात गुंतले असले तर उघडे डोळेदेखील आंधळे होतात. १९९९ साली सायमन्स आणि शाब्री या दोन मानसशास्त्रज्ञांनी काही जणांना एक चित्रफीत दाखवून चेंडू किती वेळा फेकला गेला ते मोजावयास सांगितले. मध्येच गोरिलाचा वेष घेतलेले माणूस पडद्याच्या मधोमध येऊन छाती बडवून गेले. मोजण्यात गुंगलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना ते दिसलेच नाही!

‘‘मग दोष निसर्गाचा, चालकाचा नव्हे,’’ असे म्हणून कोणी या शास्त्राचा आधार घेईल. आमचे अनुमान नेमके उलट आहे. आपला डोळा फसतो हे एकदा ठाऊक झाले, की दुसऱ्यांदा पाहणे हे कर्तव्य ठरते. विहिरीला कठडा नाही हे ज्याला ठाऊक आहे, त्याने अंधारात पोराला तिच्या काठावर खेळू दिले, तर दोष अंधाराचा नसतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. फोनवरचा निरोप वाचण्यात तीन सेकंद गेले, तर तेहतीस मीटर रस्ता कोणीही न पाहता ओलांडला गेला. तेवढ्या अंतरात आमच्या देवळाची पालखी, तिच्यापुढचे भजनी मंडळ आणि मागची बायकामुले सगळी मावतील.

आमच्या शहरात तर हा धोका आता रस्त्याच्या रचनेतच शिरला आहे. अलीकडच्या वर्षांत हैदराबादेत अनेक चौकांतील सिग्नल बंद करून पुढे यू-टर्न घ्यावयाची व्यवस्था करण्यात आली. वाहतूक खोळंबू नये हा हेतू चांगला आहे. परंतु सिग्नलवर जे काम तांबडा दिवा करीत होता, ते आता प्रत्येक चालकाच्या नजरेवर सोपविले गेले आहे. सरळ येणाऱ्या दुचाकींच्या लोंढ्यापुढे आडवे वळावयाचे आणि ते सुरक्षित आहे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावयाचे! जेथे व्यवस्थेने नजरेवर एवढा भार टाकला, तेथे नजर चुकविणाऱ्यास क्षमा कमी हवी, की अधिक?

दुचाकीस्वाराने दिसावे म्हणून कायद्याने काय थोडे केले आहे? २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असताना भर दुपारीही आपोआप जळता राहील अशी सक्ती झाली. म्हणजे दिसण्याची जबाबदारी दुचाकीस्वाराने दिवसाढवळ्या दिवा लावून पार पाडली. आता पाहण्याची जबाबदारी कोण पार पाडणार?

कायद्याने या हयगयीकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, तेही वाचकांनी जाणून घ्यावे. हयगयीने मृत्यू घडविणे हा स्वतंत्र अपराध भारतीय दंडसंहितेत ३०४-अ या कलमाने १८७० साली घालण्यात आला; त्याची कमाल शिक्षा दोन वर्षे. ती दीडशे वर्षांहून अधिक काळ तशीच राहिली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली आणि तिच्या १०६ व्या कलमाच्या पहिल्या पोटकलमाने ही मर्यादा पाच वर्षांवर नेली. हयगयीने गंभीर दुखापत करणाऱ्यास १२५ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमात २०१९ च्या दुरुस्तीने गाडी चालविताना हातात फोन धरून वापरणे हे स्पष्टपणे धोकादायक चालविण्यात गणले गेले. कागदावर कायदा अगदीच दुबळा आहे असे नव्हे.

परंतु याच संहितेतील १०६ व्या कलमाचे दुसरे पोटकलम घ्या. अपघात करून पोलिसांस न कळविता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैद सांगणारी ही तरतूद जाहीर होताच जानेवारी २०२४ च्या आरंभी देशभर मालमोटारचालकांनी संप पुकारला. आमच्या हैदराबादेत पेट्रोल पंपांवर अशा रांगा लागल्या, की चंचलगुड्यात खाद्यपदार्थ पोहोचविणारा एक तरुण चक्क घोड्यावर बसून निघाला. लोकांनी त्याची चित्रे पाहिली आणि हसून सोडून दिली. सरकारने मात्र १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू करताना नेमके तेवढे पोटकलम बाजूला ठेवले. जमाव जाळील या भीतीने आम्ही पळतो, हे चालकांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. त्याचा बंदोबस्त व्हावयासच हवा. तथापि जखमी होणाऱ्यांचा संप कधी होत नाही, कारण त्यांची संघटना नसते, आणि म्हणून त्यांच्या वतीने कायदा थांबत नाही व चालतही नाही, हे या प्रसंगाने पुरते सिद्ध झाले.

हा केवळ आपल्या देशाचा दोष आहे असेही कोणी समजू नये. २७ ऑगस्ट २०१९ रोजी इंग्लंडात नॉर्दॅम्प्टनशायरमधील क्रॉटन येथे हॅरी डन हा १९ वर्षांचा मोटारसायकलस्वार समोरून रस्त्याच्या चुकीच्या बाजूने येणाऱ्या मोटारीच्या धडकेने मेला. मोटार चालविणारी स्त्री अमेरिकन सरकारी नोकराची पत्नी होती. राजनैतिक संरक्षणाच्या आधारे ती मायदेशी निघून गेली. मुलाच्या आईबापांनी तीन वर्षे दोन बलाढ्य सरकारांशी झुंज घेतली. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये, बेपर्वाईने चालवून मृत्यू घडविल्याची तिची कबुली नोंदली जाऊन, लंडनच्या न्यायालयाने आठ महिन्यांची शिक्षा दिली, तीही स्थगित. शिक्षा अल्प असेल. परंतु त्या आईबापांचा आग्रह वर्षांच्या संख्येसाठी नव्हता. जिने केले तिने न्यायासनापुढे ‘मी केले’ असे म्हणावे, एवढ्याचसाठी होता. आमच्या बैठकीत कोपऱ्यात बसलेल्या माउलीचा प्रश्न याहून निराळा होता काय?

आता प्रतिपक्षाच्या दोन आक्षेपांचा विचार करू.

पहिला आक्षेप असा, की दुचाकीवाले तरी कोठे साधू आहेत? हे आम्ही मुकाट्याने मान्य करतो. उलट्या बाजूने येणारे, तिघे-तिघे बसणारे, डाव्या अंगाने फटीतून घुसणारे दुचाकीस्वार या शहरात पैशाला पासरी आहेत. २०२२ साली देशात हेल्मेट नसलेले पन्नास हजारांवर दुचाकीस्वार मेले. त्यांच्या हट्टाचे समर्थन कोण करील? परंतु न्यायाचा नियम हा आहे, की ज्या चुकीमुळे अपघात घडला ती चूक मोजावयाची. इतरांच्या सगळ्या चुका एका तरुणाच्या खात्यावर मांडावयाच्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या एका निकालात असे म्हटले आहे, की मोटारसायकलीवर तिघे बसले होते एवढ्यावरून त्यांचा अपघातातील वाटा सिद्ध होत नाही. त्या तिघांच्या बसण्याने अपघात घडला किंवा नुकसान वाढले असे दाखवावे लागते. मग जो एकटा, हेल्मेट घालून, आपल्या बाजूने, दिवा लावून येत होता, त्याला ‘हल्लीची पोरे’ या शब्दांत गुंडाळणे हा शुद्ध अन्याय नव्हे काय?

दुसरा आक्षेप दैवाचा. तो आपल्या समाजात अधिक मुरलेला आहे आणि अधिक घातक आहे. ‘‘त्याचे प्रारब्ध!’’ एवढे म्हटले की सर्वांची सुटका. आम्ही देवावर आणि कर्मफलावर श्रद्धा ठेवणारे आहोत. म्हणूनच विचारतो, की कर्माचा सिद्धान्त जखमी मुलाला लावताना मोटारवाल्याला का वगळावयाचे? कर्म म्हणजे केलेली गोष्ट. फोनकडे पाहणे हे कर्म नव्हते काय? रस्त्याकडे न पाहणे हे अकर्म नव्हते काय? प्रारब्ध हा शब्द सोसणाऱ्याने स्वतःच्या सांत्वनासाठी उच्चारला तर ती भक्ती होय. ज्याच्या हातून घडले त्याने तो उच्चारला तर ती पळवाट होय.

आपले धर्मशास्त्र या बाबतीत आपल्यापेक्षा किती जागरूक होते, ते पाहा. मनुस्मृतीतील वर्णभेदाचे दंडविधान आज त्याज्य आहे आणि त्याचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु तिच्या आठव्या अध्यायात गाडीखाली होणाऱ्या हानीचा विचार आला आहे, तो वकिलाच्या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. दंड होऊ नये अशी दहा निमित्ते तेथे सांगितली आहेत. वेसण तुटणे, जू मोडणे, आस किंवा चाक मोडणे, लगाम तुटणे, ‘बाजूला व्हा’ असे ओरडून सांगितलेले असणे, असे त्यांचे स्वरूप आहे. ही दहा निमित्ते आम्ही पुनःपुन्हा वाचली; ‘दिसला नाही’ हे त्यांत कोठेही नाही. त्याहून विशेष म्हणजे, सारथी नवशिका असेल तर गाडीत बसलेल्या प्रत्येकाला शंभर पण दंड सांगितला आहे. जो चालविण्यास लायक नाही त्याच्या गाडीत बसणे हाही दोष! आज शेजारच्या आसनावर बसून ‘अहो, फोन ठेवा आधी’ असे न म्हणणाऱ्यांनी आणि चालविणाऱ्याला ‘कुठवर आलात’ म्हणून पुनःपुन्हा फोन करणाऱ्यांनी हा शंभर पणांचा हिशेब मनाशी करावा.

आणि दशरथाची कथा तर आपल्यातील पोरासोरांना ठाऊक आहे. शरयूच्या तीरी अंधारात त्याने शब्दवेधी बाण सोडला. घागर भरण्याचा आवाज त्याला हत्तीचा वाटला. श्रावण त्याला दिसला नव्हता. हे अक्षरशः खरे होते. तरीही तो सम्राट ‘दिसला नाही’ म्हणून वाड्यावर परतला नाही. ते पाणी घेऊन तो स्वतः त्या आंधळ्या आईबापांपाशी गेला, ‘माझ्या हातून घडले’ असे त्याने सांगितले, आणि शाप मस्तकी घेतला. दशरथाला आपण पापी म्हणून नव्हे, तर राजा म्हणून आठवतो, याचे कारण त्या पावलांत आहे. आजच्या मोटार वाहन कायद्याचे १३४ वे कलम तरी दुसरे काय सांगते? जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्या, पोलिसांस कळवा. जे दशरथाने शास्त्र म्हणून केले, ते आपण दंडाच्या भयानेही करीत नाही.

येथे एक कबुली आमची स्वतःची. कोठीच्या गर्दीत गाडी हळू चालली असता आम्हीही फोनकडे नजर टाकलेली आहे, एकदा नव्हे, अनेकदा. काही घडले नाही, हा आमचा सदाचार नव्हे. तो आमच्या समोर त्या क्षणी कोणी आले नाही याचा योगायोग होय. म्हणून हा लेख न्यायाधीशाच्या आसनावरून लिहिलेला नाही; आरोपीच्या पिंजऱ्याच्या पायरीवरून लिहिलेला आहे.

मग करावे काय? सरकारकडून आमची मागणी मोठी नाही. मृत्यू किंवा गंभीर दुखापत झालेल्या प्रत्येक प्रकरणात चालकाच्या फोनच्या त्या वेळच्या नोंदी मिळविणे हे पंचनाम्याइतकेच नित्याचे व्हावे. दोषी ठरलेल्यास काही काळ वाहन चालविण्यास अपात्र ठरविण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या २० व्या कलमाने न्यायालयांस आहेच, तो वापरावा. भरपाई विमा कंपनी देते, दंड किरकोळ असतो. चालकाला स्वतःला झळ लागते ती परवाना गेल्यावर. दुभाजकातील जी मोकळी जागा वारंवार माणसे पाडते, तेथे सिग्नल परत आणावा.

परंतु सरकारपेक्षा अधिक आम्हांस देवळाशी बोलावयाचे आहे. आपण वाहनाची पूजा करणारे लोक आहोत. दसऱ्याला मोटारीला झेंडूची माळ घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. या शहरात कर्मनघाटच्या हनुमंतापुढे आणि ज्युबिली हिल्सच्या पेद्दम्मा देवळात नव्या गाड्यांची रीघ लागते. पूजा अवश्य करावी. पण ज्या पार्थसारथीला आपण हात जोडतो, त्याचे सारथ्य कसे होते? लक्ष घोड्यांवर, हात लगामावर. आमची सूचना अशी, की यापुढे वाहनपूजेच्या संकल्पात पुरोहितांनी यजमानाकडून एक वाक्य म्हणवून घ्यावे: मी रस्त्याकडे पाहीन. त्याला मुहूर्त लागत नाही, दक्षिणा लागत नाही. उत्सवाला येणाऱ्या माणसाला वाटेत फोन करून घाई लावू नये. आणि देवस्थानच्या समित्यांनी जखमी माणसाला मदत गोळा करावी, त्याच्या घरी पाळीने माणूस पाठवावा, रुग्णालयात रात्री बसावे; मात्र अपराधाचे पांघरूण होण्याचे काम देवीच्या नावाने करू नये.

तडजोडीला आमचा विरोध नाही. गंभीर दुखापतीचा अपराध जखमी व्यक्तीला न्यायालयाच्या अनुमतीने मिटविता येतो, आणि पुष्कळदा ते दोघांच्याही हिताचे असते. आम्ही मसुदा केला. खर्चाचे आकडे समितीने ठरविले तसे घातले. दावा न्यायाधिकरणापुढील मुलाचा हक्क अबाधित ठेवला. फक्त पहिले वाक्य बदलले. ‘दैवयोगाने घडलेल्या अपघातात’ हे शब्द काढून त्या जागी लिहिले: ‘वळण घेताना मी समोर पाहिले नाही, त्यामुळे ही दुखापत झाली.’

तो मसुदा त्या गृहस्थांनी दोनदा वाचला. रकमेबद्दल त्यांची तक्रार नाही. वाढवून द्यावयासही ते तयार आहेत. त्यांना अडते ते त्या एका क्रियापदापाशी. ‘‘एवढे ‘दिसला नाही’ करा, म्हणजे सही करतो,’’ असे ते म्हणतात. आम्ही ते केलेले नाही, आणि करणारही नाही. मनगट जुळले आहे. बोटे पूर्वीसारखी फिरतील की नाही हे कळावयास अजून काही महिने जातील, असे वैद्य सांगतात. पखवाज देवळाच्या कोपऱ्यात खोळीत घालून ठेवला आहे, आणि मसुदा आमच्या मेजावर सहीवाचून पडून आहे.